कोरडं माणूस

“आज सकाळी मी, दुपारी विशू,” नेत्रा म्हणाली आणि जुईची अर्धवट वेणी माझ्या हातात देऊन उठली. “अक्का, हिला इडली नको असेल तर केळं द्या. पोट दुखतंय म्हणतीये. खायची वेळ आली की हिचं पोट दुखतं.”

“तू जा. मासे खोळंबलेत तुझ्यासाठी,” मी म्हणाले.

नेत्रा हसली. माझी भावजय असल्या बोलण्याचा राग धरत नाही, हा तिचा चांगला गुण. पाठीवर पिशवी टाकून ती होडीकडे गेली. विशू, म्हणजे माझा धाकटा भाऊ, चहाचा कप घेऊन आमच्याजवळ बसला. पाच वर्षांच्या जुईनं रिकामी ताटली दोन्ही हातांत धरली आणि डावीकडे वळवली.

“अत्तू, इंडिकेटर दिला नाही मी.”

“मग दे. वळून झाल्यावर दिलेला इंडिकेटर काय कामाचा?”

कराडला आमचं मोटार ड्रायव्हिंग स्कूल आहे. वडिलांनी काढलं, मी चालवते. अर्ध्या गावाला गाडी मी शिकवली आहे आणि त्या अर्ध्या गावानं माझ्या शिव्या खाल्ल्या आहेत. जुई सुट्टीला यायची तेव्हा तिला शेजारच्या सीटवर बसवून हातात ताटली द्यायची आणि मलकापूरपर्यंत फिरवून आणायचं, हा आमचा ठरलेला खेळ होता.

ही गोष्ट बारा वर्षांपूर्वीची, लक्षद्वीपमधल्या एका बेटावरची. बेटाचं नाव सांगत नाही. तिथल्या कुणाचा त्यात काही दोष नव्हता आणि उगाच कुणाच्या गावाला बट्टा नको. विशू आणि नेत्रा दोघंही पुण्यात नोकरीला. लग्नानंतर मालवणला जाऊन पाठीवर नळकांडं बांधून बुडायला शिकले आणि मग त्यांना त्याचं वेडच लागलं. जुई झाल्यावर पाच वर्षं कळ काढली. या वेळी मला म्हणाले, अक्का, तू चल. त्यांना बिनपगारी आया हवी होती आणि मला जुई हवी होती. व्यवहार दोन्हीकडून बरा होता.

फक्त एक अट मी घातली होती. विमानात बसणार नाही. जी गाडी वाटेत कडेला घेऊन थांबवता येत नाही, तिच्यात मी बसत नाही. विशूनं पुष्कळ समजावलं, थट्टा केली, शेवटी हात टेकले. मग आम्ही आगगाडीनं कोचीला आणि तिथून बोटीनं बेटावर आलो. परतीची तिकिटंही बोटीचीच होती.

पहिल्या दिवशी डायव्हिंगवाल्या हमजाकोयानं त्यांना तेच विचारलं होतं. हमजाकोया म्हणजे पिकलेल्या दाढीचा, सावकाश बोलणारा माणूस. त्याची स्वतःची होडी होती.

“वापस कैसे जाएंगे? जहाज या फ्लाइट?”

“जहाज,” विशू म्हणाला.

“फिर ठीक है. रोज उतर सकते हैं.”

मला कुतूहल. मी नेत्राला विचारलं, “पाण्यात बुडण्याचा आणि विमानाचा काय संबंध?”

तिनं समोरची सोड्याची बाटली उचलली. “हे बघा अक्का, खाली पाण्याचा दाब असतो. त्या दाबानं हवेतला वायू अंगात मुरतो, सोड्यात असतो तसा. वर आलं की तो हळूहळू निघून जातो, एक दिवस तरी लागतो त्याला. तेवढ्यात माणूस विमानातनं उंच गेला की...” तिनं झाकण फटकन उघडलं. सोडा तिच्या मनगटावरून ओघळला. “हे असं रक्तात होतं. सांधे धरतात, कधी लकवा मारतो, कधी माणूस जातो. म्हणून विमानानं जाणारे शेवटचा दिवस कोरडा ठेवतात. आपल्याला तुमच्या कृपेनं ती भानगडच नाही.”

“घ्या. माझ्या भित्रेपणाचा कुणाला तरी फायदा झाला,” मी म्हणाले.

दोघंही पक्के शिस्तीचे. एकाच वेळी दोघं कधीच पाण्यात उतरायचे नाहीत. शेजारच्या खोलीतलं एक जोडपं आपलं बाळ हॉटेलच्या पोऱ्यावर सोपवून दोघंही जायचं, तेव्हा नेत्रा दातओठ खायची. माझ्यावरसुद्धा तिनं जुईला एकटीला टाकलं नाही. “अक्कांना पोहता येत नाही. जुई पाण्याकडे धावली तर त्या काय करणार?” असं तिनं विशूला सांगितलेलं मी ऐकलं होतं. मला राग आला नाही, खरंच होतं ते. म्हणून सकाळी ती आणि दुपारी तो, किंवा उलट. जुईजवळ कायम आईबापांतलं एक माणूस. यांच्यापेक्षा जास्त काळजी घेणारे आईबाप मी तरी पाहिले नाहीत.

त्या सकाळी जुईनं इडली खाल्ली नाही. केळंही नको म्हणाली. ताटली बाजूला ठेवून माझ्या मांडीवर आडवी झाली आणि गुडघे पोटाशी घेतले.

“कुठं दुखतंय?” विशूनं विचारलं.

तिनं बेंबीवर हात ठेवला. आदल्या दिवशी होडीतून फिरताना तिला मळमळलं होतं आणि रात्रीची माशांची आमटी खोबरेल तेलातली होती. आम्ही दोघांनीही तेच धरलं. थोड्या वेळानं तिला उलटी झाली. नेत्रा परत आली तेव्हा तोंडावरचा पाण्याखालच्या चष्म्याचा लाल व्रण घेऊन तशीच जुईजवळ बसली, मीठ-साखरेचं पाणी चमच्यानं पाजत राहिली. आता जुई हात बेंबीवरून उजवीकडे, खाली नेऊन दाखवत होती. पाय सरळ करू देत नव्हती.

“मी नाही जात दुपारी,” विशू म्हणाला.

“नकोच जाऊ,” नेत्रा म्हणाली. “जेवणं झाली की हिला दवाखान्यात दाखवून आणू.”

आणि जेवणाच्या सुमाराला दुखायचं थांबलं. एकदम थांबलं. जुई उठून बसली, अंगावरची चादर ढकलली आणि बिस्किट मागितलं. आम्हा तिघांना इतकं हायसं वाटलं की आम्ही तिघंही एकदमच हसलो. नेत्रा विशूला म्हणाली, “बघ, वारा धरला असणार. जा तू. हमजाकोया थांबलाय.” तो थोडा घुटमळला, मग गेला.

ते थांबणंच वाईट होतं, हे आम्हाला संध्याकाळी कळायचं होतं.

तासाभरात जुईचं अंग तव्यासारखं तापलं. बोलेना. डोळे अर्धे मिटलेले. नेत्रानं पोटावर हात ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. मीही हात ठेवला. पोट पाटासारखं कडक लागत होतं. नेत्रानं तिला उचललं आणि आम्ही रस्त्याकडे धावलो. विशूची होडी तेवढ्यात किनाऱ्याला लागत होती. हमजाकोयानं आमच्याकडे एकदा पाहिलं, काही विचारलं नाही, आपला छोटा टेंपो सुरू केला आणि आम्हाला मागं बसवलं. विशूच्या केसांतून पाणी गळत होतं, ते जुईच्या पायावर पडत होतं, आणि ती पाय मागे घेत नव्हती.

दवाखाना लहान, पण स्वच्छ होता. पायरीवर सगळ्यांच्या चपला काढलेल्या होत्या, मीही माझ्या काढल्या. डॉक्टर म्हणजे केरळातून आलेली तरुण मुलगी, माझ्या ड्रायव्हिंग स्कूलला येणाऱ्या पोरींच्या वयाची. तिनं जुईचं पोट बोटांनी दाबलं, सोडलं. जुई ओरडली. डॉक्टरनं आणखी दाबलं नाही. जुईच्या हाताला सलाइन लावलं, त्यातून औषध सोडलं आणि आम्हाला बाजूला घेतलं. हिंदी बेताची होती, पण तिनं लपवाछपवी केली नाही.

“अपेंडिक्स. मला वाटतं फुटलाय. दुपारी दुखायचं थांबलं ना? तेव्हा फुटला. लहान मुलांचा लवकर फुटतो आणि लक्षातही येत नाही. ऑपरेशन आजच व्हायला पाहिजे. इथं सर्जन नाही.”

“बोट?” विशूनं विचारलं.

“बोट परवा. परवापर्यंत थांबता येणार नाही.” तिनं खिडकीतून आभाळाकडे पाहिलं. “मी हेलिकॉप्टर मागवलंय. अंधाराच्या आत निघालं पाहिजे. बरोबर आमची नर्स येईल आणि नातेवाईक एकच. जास्त जागा नाही.”

“मी,” नेत्रा म्हणाली.

“मी जातो,” विशूही म्हणाला.

डॉक्टरनं त्याच्या ओल्या केसांकडे पाहिलं. “आप नहीं. आप अभी पानी से निकले हैं. हेलिकॉप्टर खूप वरून जाणार. आज जो पाण्यात उतरलाय तो येऊ शकत नाही.” मग नेत्राकडे वळून तिनं विचारलं, “आपने डाइव किया आज?”

“नाही,” नेत्रा म्हणाली. “आज फक्त हे गेले होते.”

सकाळचा चष्म्याचा व्रण तिच्या तोंडावरून केव्हाच गेला होता. केस वाळले होते. विश्वास न ठेवायला डॉक्टरकडे काही कारण नव्हतं. तिनं मान हलवली आणि फोन करायला आत गेली.

नेत्रानं माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी विसरलेले नाही. ती मला काही विचारत नव्हती, काही मागतही नव्हती. गप्प राहा, एवढंच सांगत होती. विशू जमिनीकडे बघत होता.

मला ती सोड्याची बाटली आठवली. तिनंच उघडून दाखवली होती.

आता सांगायला सोपं वाटतं. तेव्हा नव्हतं. आजारी लेकराला आई हवी असते, हे सांगायला काही कुणी डॉक्टर लागत नाही. आई तिथं उभी होती आणि आपला जीव गेला तरी चालेल म्हणत होती. तिला अडवणारी मी कोण? मला मल्याळम येत नाही, इंग्रजीच्या नावानं बोंब, मोठ्या शहरातल्या दवाखान्यात मी एकटी काय दिवे लावणार? शिवाय हेलिकॉप्टर. विमान परवडलं असं ते. पण मला राहून राहून एकच दिसत होतं. वर, समुद्राच्या मधोमध, जुई स्ट्रेचरवर आणि तिच्या शेजारी नेत्रा वाकडी झालेली, आणि दोघींना मिळून एक नर्स. मग ते हेलिकॉप्टर कुणाला घेऊन कुठं उतरणार? प्यालेल्या माणसाच्या हातात मी आजवर गाडीची किल्ली दिलेली नाही, मग तो कितीही रडला तरी. नेत्रा प्याली नव्हती, पण तिच्या अंगात काय होतं ते तिलाही माहीत होतं आणि मलाही.

“विशू,” मी म्हणाले, “तू सांगतोस की मी सांगू?”

“अक्का, गप्प बसा,” नेत्रा हळू आवाजात म्हणाली.

“विशू.”

तो जमिनीकडेच बघत राहिला. लहानपणी मार बसणार असं दिसलं की तो असाच उभा राहायचा. आई लवकर गेली, त्याला मीच वाढवलं. त्याच्याकडून आता काही होणार नाही हे मला कळलं.

डॉक्टर बाहेर आली. मी म्हणाले, “डॉक्टर, ये सुबह पानी में गई थी. मैं नहीं गई. मैं कभी नहीं गई.”

डॉक्टरनं नेत्राकडे पाहिलं. नेत्रानं नाही म्हटलं नाही. तिचा चेहरा पांढरा पडला होता. ती माझ्याकडे वळली.

“तुम्हाला मूल नाही, अक्का. तुम्हाला नाही कळणार.”

हे वाक्य मी आयुष्यात बऱ्याच जणींकडून ऐकलं होतं. बारशाला, डोहाळजेवणाला, कधी तोंडावर, कधी पाठीमागं. नेत्राच्या तोंडून ऐकेन असं मात्र वाटलं नव्हतं. लागलं. चांगलंच लागलं. पण ती वेळ लावून घ्यायची नव्हती.

“नसू दे,” मी म्हणाले. “तिचे कपडे दे. आणि ती काय औषधं घेते, काय चालत नाही, ते पटापट सांग.”

ती हलली नाही. विशू मात्र आता हलला. त्यानं पिशवी उचलली, जुईचा एक फ्रॉक, पाण्याची बाटली, त्याच्या खिशातले होते नव्हते ते पैसे असं भरून ती माझ्या खांद्याला अडकवली. नेत्रा जुईच्या उशाशी जाऊन बसली. कानाशी तोंड नेऊन तिला काहीतरी सांगत होती. मी ऐकायला गेले नाही.

हेलिकॉप्टर शाळेच्या मैदानात उतरलं. माडांच्या झावळ्या जमिनीला टेकतील इतका वारा सुटला. स्ट्रेचर आत सरकवताना जुईनं आईच्या ओढणीचा शेव धरून ठेवला होता. नेत्रानं एकेक बोट सोडवलं. मग ती ओढणीच तिनं गळ्यातून काढून जुईच्या अंगावर टाकली आणि मागं सरली. माझ्याकडे बघितलं नाही.

मी चढले. कशी चढले ते विचारू नका. डोळे मिटले होते आणि नर्सनं मला मागून ढकललं होतं, एवढं आठवतं.

वर गेल्यावर पहिली काही मिनिटं माझे हातपाय माझे नव्हते. सगळं थडथडत होतं, कानावर जाड हेडफोनसारखं काहीतरी चढवलेलं. खाली बघायचं नाही असं ठरवलं होतं, तरी एकदा नजर गेलीच. बेट दिसेनासं झालं होतं आणि सगळीकडे नुसतं पाणी होतं. कडेला घ्यायला कडाच नव्हती. तेवढ्यात माझ्या हाताला काहीतरी लागलं. जुईचं बोट होतं. ती डोळे उघडून आईला शोधत होती आणि ती सापडत नाही म्हणून तिचं तोंड वाकडं व्हायला लागलं होतं.

नर्सनं उलटीसाठी एक स्टीलचा ट्रे माझ्या मांडीवर ठेवला होता. तो मी दोन्ही हातांत धरला, तिच्या कानावरचं ते जरा बाजूला केलं आणि ओरडून म्हणाले, “कराडातनं निघालो बघ. बेल्ट लावलास का?”

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी ट्रे वळवला.

“हे मलकापूर आलं. समोरनं ट्रॅक्टर येतोय उसाचा. काय करू?”

तिचे ओठ हलले. मी कान तिच्या तोंडाशी नेला.

“हॉर्न,” ती म्हणाली.

मी हॉर्न वाजवला. नर्सनं दचकून माझ्याकडे बघितलं. बघू दे म्हटलं. कासेगाव घेतलं, पेठ नाका घेतला, तिथं चहाला थांबू का म्हणून विचारलं, ती नको म्हणाली. किणीच्या टोलनाक्यावर रांग लावली. कोल्हापूर आलं तेव्हा तिचे डोळे मिटायला लागले होते. नर्स म्हणाली, बोलती रहो. मग मी निपाणीकडे गाडी काढली. तो रस्ताही मला पाठ आहे, पण त्या दिवशी वळणं सुचेनात, तेव्हा काही गावं मी मनानंच घातली. गाडी बेळगावच्या आसपास होती तेव्हा खिडकीत दिवे दिसायला लागले. कोची होतं. माझी भीती मधेच कुठल्या गावी उतरून गेली, मला कळलं नाही.

दवाखान्यात तिला लगेच आत नेलं. सर्जन मोठ्या वयाचा होता. त्यानं हिंदीत विचारलं, “आप माँ हैं?”

“नाही. बुआ. माँ बेटावर अडकलीये, बापही तिथंच.”

त्यानं आईबापांशी बोलायचं म्हणून बेटावरच्या दवाखान्यात फोन लावला. विशूशी बोलला, होकार घेतला. मग नेत्राशी बोलला. पोट उघडल्यावर काय निघेल सांगता येत नाही, ऐनवेळी काही ठरवायला लागलं तर, असं काहीतरी हिंदी-इंग्रजी मिसळून तो विचारत होता. मग त्यानं फोन माझ्यापुढे धरला.

“ती म्हणते, बुआ सांगेल तसं करा.”

मी फोन कानाला लावला.

“अक्का,” नेत्रा म्हणाली, “ती अंधाराला घाबरते. शुद्धीवर येईल तेव्हा तिचा हात तुमच्या हातात असू दे.”

“असेल,” मी म्हणाले.

तिला नेल्यावर मी बाकावर बसले, तेव्हा पायांना गार लागलं. मी अनवाणी होते. चपला बेटावर दवाखान्याच्या पायरीवरच राहिल्या होत्या.

अपेंडिक्स फुटलेलाच होता. पू पोटभर पसरायच्या आत सापडला, असं सर्जन नंतर म्हणाला. आणखी एक दिवस गेला असता तर आपण बोलत नसतो, असंही म्हणाला. जुई शुद्धीवर आली तेव्हा तिचा हात माझ्या हातात होता. तिनं आधी आई मागितली, मग पाणी, मग पुन्हा आई. मी म्हटलं, बोटीनं येतीये. बोट हळू चालते, तुला माहितीये. तीन दिवस मी तिच्या पलंगाशेजारच्या लोखंडी खुर्चीवर काढले. नर्सांची भाषा मला येईना, माझी त्यांना कळेना, तरी आमचं सगळं चाललं. एकीनं तर मला केसांना तेल लावून दिलं.

विशू आणि नेत्रा बोटीतून उतरून सरळ दवाखान्यात आले. नेत्रा आधी जुईकडे गेली. जायलाच हवं. मी बाहेर येऊन बाकावर बसले. आतून जुईचा बारीक आवाज ऐकू येत होता, “अत्तूनं उलटीच्या ट्रेनं हेलिकॉप्टर चालवलं. निपाणीवरनं.” मग विशूच्या हसण्याचा आवाज आला, आणि तो मधेच वेगळा झाला.

बऱ्याच वेळानं नेत्रा बाहेर आली. माझ्या शेजारी बसली. तीन दिवसांत तिचे डोळे आत गेले होते.

“बोटीत मी सारखा हिशेब करत होते,” ती म्हणाली. “आम्ही रोजचा दिवस वाटून घेत होतो. सकाळी एक, दुपारी एक. म्हणजे रोज दोघंही ओले. एक दिवस त्यानं जायचं आणि एक दिवस मी, एवढं केलं असतं तरी पुरे होतं. रोज एक माणूस कोरडं राहिलं असतं. विमानानं जाणार असतो तर हे डोक्यात आलं असतं. बोटीनं जायचंय म्हणून आम्ही उडायचा विचारच पुसून टाकला. मूल बरोबर असताना.”

“माझ्या अटीमुळं बोटीनं आलो,” मी म्हणाले.

“तुम्ही पाण्यात न उतरणाऱ्या होता म्हणून ती वाचली,” ती म्हणाली. “तुम्हाला आम्ही गंमत म्हणून आणलं होतं, अक्का. म्हणजे मदत म्हणून. पण तुम्ही नसता तर त्या हेलिकॉप्टरमध्ये बसायला आमच्यात कुणी नव्हतं.”

मी अनवाणी पाय बाकाखाली ओढून घेतले.

“मी डॉक्टरला विचारलं, मी गेले असते तर काय झालं असतं. ती म्हणाली, कदाचित काहीच झालं नसतं. कदाचित.” तिनं जुईच्या खोलीच्या दाराकडे पाहिलं. “त्या कदाचितच्या भरवशावर मी चढणार होते. जुईला घेऊन.”

तिला पुढचं वाक्य बोलायचं होतं, ते मला दिसत होतं. तुम्हाला मूल नाही, हे म्हणाले ते. ते बाहेर येत नव्हतं. मलाही ते ऐकायचं नव्हतं. एकदा ऐकलं होतं तेवढं पुरे होतं.

मग तिनं पिशवी पुढं ओढली. ओल्या कपड्यांखालून एक वर्तमानपत्राचं पुडकं काढलं. त्यात माझ्या चपला होत्या. बेटावरच्या पायरीवरून उचलून तिनं त्या कोचीपर्यंत आणल्या होत्या. वाळू पुसलेली होती, अंगठ्याचा तुटायला आलेला पट्टा कुणाकडून तरी शिवून घेतलेला होता. ती बाकावरून उठली, खाली वाकली आणि चपला माझ्या पायांशी ठेवल्या. हात तिथंच राहिले, उठायला तिला वेळ लागला. येणारीजाणारी माणसं बघत होती.

माझे डोळे भरून आले. मला ते चालत नाही.

“डावी-उजवी उलटी ठेवलीस,” मी म्हणाले.

तिनं बघितलं. खरंच उलटी होती. तिनं त्या सरळ केल्या, आणि मग मी पाय घातले.